धावणाऱ्यांचा गट निवडताना



या अंकात आपण नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयी वाचतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण आपल्या घराशी त्याचा संबंध आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, तर साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून धावण्याची हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अशा शर्यतींच्या तयारीसाठी माणसे पहाटे एकत्र जमू लागली आणि त्यातून धावणाऱ्यांचे गट उभे राहिले. कोणी त्यांना क्लब म्हणतात, कोणी ग्रुप. आपल्यापैकी काहींना डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगून चालण्या-पळण्याचा सल्ला दिला असेल. कोणाच्या घरी पोरगा-पोरगी पोलीस भरतीच्या तयारीला लागली असेल. तेव्हा गट शोधावा कसा आणि निवडावा कसा, हे समजून घेणे जरूर आहे.

शेतकऱ्याला धावायची गरज काय?

हा प्रश्न पहिल्यांदा आम्हीही विचारला होता. दिवसभर रानात राबणाऱ्याला पुन्हा व्यायाम कशाला? पण खरे बोलायचे तर औतामागचे चालणे आता राहिले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जाते, आणि वस्तीवरून गावात यायचे तर बुडाखाली मोटारसायकल असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनेप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमाचा व्यायाम करावा. आपण आपला हिशोब करून पाहावा. कमी भरत असेल तर तजवीज करावी. एकट्याने धावता येतेच, पण पाऊस लागला, पाहुणे आले, की एकट्याचा नेम मोडतो. चार माणसे वाट पाहत असली म्हणजे अंथरूण लवकर सुटते. गटाचा मोठा फायदा हाच.

गट शोधावा कुठे?

यासाठी फार फिरावे लागत नाही. पहाटे साडेपाच ते साडेसहा या वेळात तालुका क्रीडा संकुल, कॉलेजचे मैदान किंवा कालव्याचा रस्ता येथे एक चक्कर मारावी. हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांना विचारावे. गावातील माजी सैनिकांना विचारावे, त्यांना हमखास ठाऊक असते. शर्यतीचा बनियन घातलेला कोणी बाजारात दिसला तर त्यालाच थांबवून विचारावे, तो आनंदाने सांगेल. दोन-तीन गटांची नावे कळली की घाईने कुठेच पैसे भरू नयेत. बेणे घ्यायचे तर आपण आधी मळ्यात जाऊन उभा ऊस पाहतो. तसे दोन-तीन सकाळी जाऊन गट उभ्याने पाहावा.

पाहावे काय?

आपली नजर साहजिकच सर्वांत पुढे पळणाऱ्याकडे जाते. त्याचे पदक, त्याची वेळ यांवरून आपण गट चांगला ठरवतो. आमची चूक इथेच झाली, ती सांगतो.

आमचा पुतण्या पोलीस भरतीसाठी एका गटात जात होता. त्या गटातले दोघे भरती झाले होते, म्हणून आम्हीच त्याला तिथे घातले. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० गुणांच्या या चाचणीत २० गुण त्या धावण्याचे असतात. म्हणून तिथे रोज डांबरी रस्त्यावर १६०० मीटर जीव तोडून पळवत. तिसऱ्या आठवड्यात पोराची नडगी दुखू लागली. तो घरी बोलला नाही, गटातही बोलला नाही. पुढे लंगडू लागला तेव्हा आम्ही खोदून विचारले. म्हणाला, "तात्या, मागं राहिलं की दोन राउंड जादा मारायला लावत्यात. दुखतंय म्हणावं तर सगळी हसत्यात." दवाखान्यात तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. दीड-दोन महिने विश्रांती सांगितली आणि त्यातच भरतीची तारीख निघून गेली. वयाची मर्यादा जवळ आलेल्या पोराचे एक वर्ष म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घडते त्यालाच कळते.

यामागचे कारण समजून घ्यावे. नवीन माणूस धावू लागला की दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात. पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांना तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. माणसाला वाटते, आता जमतेय, वाढवू या. नत्राचा मारा केला की पाला झपाट्याने वाढतो, पण मुळाने धरले नसेल तर पहिल्या वाऱ्यात ऊस लोळतो. तसाच हा प्रकार आहे. म्हणून नवख्याला सुरुवातीला चालणे आणि पळणे आलटून पालटून द्यावे लागते, रोज जोरात पळवून चालत नाही आणि मधे विश्रांतीचे दिवस लागतात. पळताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बेताचा आहे असे समजावे. बोलता येत नसेल तर कमी करावा.

तेव्हा गट पाहायला जाल त्या दिवशी पुढच्या गड्याकडे पाहू नका, सर्वांत मागच्याकडे पाहा. त्याच्या सोबत कोणी जुना माणूस आहे का? तो येईपर्यंत बाकीचे थांबतात का? दुखते म्हटल्यावर त्याला बसवतात की हसतात? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निम्मी निवड झाली, कारण आपण गेल्यावर पहिले काही महिने मागचा गडी आपणच असणार.

आणखी विचारून घ्यावयाच्या गोष्टी

१. शिकवणारा पहिल्या दिवशी काय विचारतो? वय, रक्तदाब, साखर, जुनी दुखापत यांची विचारपूस न करता जो थेट पळायला लावतो, त्याच्याकडे जाऊ नये. चाळिशी उलटलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पळताना एकदम उतरू शकते. त्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि सोबत्याला तशी कल्पना द्यावी. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

२. वेळ आपल्याला जमते का? शेतीची वीज रात्रपाळीला असली म्हणजे आपण पाणी पाजत जागे असतो. अशा रात्रीनंतर धावू नये, झोप घ्यावी. हे समजून घेणारा गट आपल्या कामाचा. एक दिवस चुकला म्हणून दंड लावणारा आपल्या कामाचा नाही. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत धावणे संपले पाहिजे आणि मैदानावर पिण्याचे पाणी पाहिजे.

३. रस्ता कोणता? गळीत हंगामात पहाटे अंधारात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. भरलेल्या ट्रेलरचा ऊस बाहेर आलेला असतो आणि चालकाला कडेचे माणूस दिसत नाही. या दिवसांत गटाने मैदान किंवा कालव्याचा रस्ता धरावा. रस्त्यानेच जायचे झाले तर समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने, एका रांगेत, अंगावर चमकणारी पट्टी लावून जावे. कानात गाणी घालू नयेत. जो गट याबद्दल काहीच बोलत नाही, त्याला हंगामात तरी रामराम करावा.

४. पैसे कशाचे? पुष्कळ गट फुकट चालतात, काही वर्गणी घेतात. वर्गणीत गैर काही नाही, पण पावती मिळावी आणि पैसा कशावर खर्च होतो ते कळावे. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण ताळेबंद विचारतो, मग इथे लाजायचे कारण नाही. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत, महिन्याचे भरून पाहावे. 'भरतीची हमी' देणाऱ्यापासून सावध राहावे, कारण तशी हमी कोणीही देऊ शकत नाही. ताकदीची इंजेक्शने किंवा नाव नसलेली पावडर कोणी सुचवली तर त्याच दिवशी मुलाला घरी आणावे.

५. लेकीसुनांची सोय आहे का? माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर हिने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. त्याच प्रकारात आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. आपल्या खेड्यांत ताकद आहे, यात शंका नाही. पण मुलगी पहाटे मैदानावर जायची तर गटात आणखी बायका आहेत का, जाता-येता सोबत कोण, स्वच्छतागृह उघडे असते का, हे आईवडिलांनी स्वतः जाऊन पाहावे. तिला पाठवूच नये असा याचा अर्थ नव्हे. नीट सोय असलेल्या ठिकाणी पाठवावी.

गट जवळपास नसेल तर

वाडी-वस्तीवर गट नसेल तर चार घरांनी मिळून सुरू करावा. त्याला नोंदणी लागत नाही की इमारत लागत नाही. एक ठरलेली जागा, एक ठरलेली वेळ, आणि आज मागच्यासोबत कोण राहणार याची पाळी, एवढे पुरते. आमचा पुतण्या बरा झाल्यावर आम्ही तेच केले. शाळेच्या मैदानावर सहाजण जमलो. त्यात साठी उलटलेले एक माजी सैनिक आहेत आणि आमच्या वहिनीही आहेत, त्या अजून निम्मे चालतात आणि निम्मे पळतात. पुतण्या आता मऊ मातीवर आठवड्यातून दोनच दिवस जोराने पळतो, बाकीचे दिवस बेताने. पुढच्या भरतीचा अर्ज त्याने भरायचा ठरवले आहे. निकाल काय लागेल ते लागेल, पण दुखले तर तो आता सांगतो.

सभासदांनी आपल्या गावातील गट पाहून यावेत. घरातील भरतीच्या पोराला आज संध्याकाळी जेवताना एवढेच विचारावे, "तुमच्यात मागं राहणाऱ्याचं काय करतात?"

— एक सभासद