डोलकाठीचं वजन आणि वखारीतलं घनफूट

ओझं टांगायच्या दोराचा, म्हणजे स्लिंगचा, कोन वाढला की ताण कसा वाढतो, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकात. मध्येच मालवणहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमलं नाही.

त्यांच्या आजोबांच्या शिडाच्या मचव्याची सागवानी डोलकाठी घरामागे पडवीत पडून आहे. ती गावातल्या शाळेच्या आवारात उभी करायची आहे. शाळेपाशी क्रेन येते, पण घरापासून रस्त्यापर्यंत दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद आहे, तिथून काठी खांद्यावरच न्यावी लागणार. लांबी ३६ फूट, बुंध्याशी घेर ३० इंच, शेंड्याला १८ इंच. वखारवाल्याने हिशेब करून सांगितलं : नऊ घनफूट, म्हणजे १६५ किलोच्या आसपास. एवढं धरून माणसं बोलवायची का, असं ते विचारतात.

बोलवू नका. वखारवाल्याचा हिशेब त्याच्या धंद्यापुरता बरोबर आहे, पण ते घनफूट लाकूड विकण्याचं आहे. उचलण्याचं घनफूट वेगळं निघतं.

वखारीत गोल लाकूड मोजतात ते असं. मधला घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. इथे मधला घेर २४ इंच, म्हणजे दोन फूट. चौथा हिस्सा अर्धा फूट, वर्ग पाव, गुणिले ३६, झाले नऊ. ही पद्धत इंग्रजांकडून आपल्याकडे आली. एडवर्ड हॉपस नावाच्या माणसाने १७३६ मध्ये तिची कोष्टकं छापली आणि पुढे लाकडाच्या व्यापारात तीच रूढ झाली. ओंडका चौरस करताना चारी बाजूंच्या फळकुटांत जे लाकूड जातं त्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत, असा तिच्यामागचा विचार. म्हणून ती मुद्दाम कमी मोजते. किती कमी? खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच धरते. पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड कागदावर येतच नाही.

खांद्यावर मात्र ते सगळं येतं.

आमच्या भागात हा घोटाळा सहज लक्षात येत नाही, त्याला कारण आहे. परळी-अंबाजोगाईकडचे जुने माळवदाचे वाडे उतरतात तेव्हा निघणाऱ्या बहुतेक तुळया चौकोनी तासलेल्या असतात. त्यांचं घनफूट म्हणजे रुंदी गुणिले जाडी गुणिले लांबी, त्यात काही सुटत नाही. वखारीचा आकडा आणि खरा आकडा तंतोतंत जुळतो. वर्षानुवर्षं असं जुळलं की माणूस त्या आकड्यावर विश्वास टाकतो आणि मग एखाद्या दिवशी गोल खांब समोर येतो. लाकडाचं वजन विचारणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणून पहिला प्रश्न करतो : माल चौकोनी की गोल?

गोल मालासाठी सोपा हिशेब लक्षात ठेवा. मधला घेर फुटांत घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा, साडेबाराने भागा. इथे चार गुणिले ३६ म्हणजे १४४, भागिले साडेबारा, साडेअकरा घनफूट. बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचा निमुळतेपणा काटेकोर धरला तर ११.७ येतात. फरक किरकोळ, तरी वरचा आकडा घ्यावा. उचलायच्या वस्तूत शंका नेहमी जास्त वजनाच्या बाजूने फेडायची.

आता घनफुटाला किलो किती? पाण्याचं एक घनफूट २८.३ किलो भरतं. वाळलेलं सागवान पाण्याच्या साधारण ६५ टक्के, म्हणजे १८.४ किलो. त्याने ११.७ ला गुणलं की २१५ किलो. वखारीच्या हिशेबाहून पन्नास किलो जास्त, आणि हे अजून कोरडं, उघडं लाकूड. कोकणातल्या चार पावसाळ्यांची ओल खाल्लेली काठी त्याहून दहा-पंधरा टक्के सहज जास्त भरेल. वर लोखंडी कडी, पट्ट्या, शेंड्याची कप्पी, रंगाचे थर. पत्रलेखकांनी अडीचशे किलो धरावेत. माणशी पंचवीस किलो म्हटलं तर दहा माणसं. वखारीच्या आकड्याने सात बोलावली असती.

काठी सागाची नसेल तर? पश्चिम किनाऱ्यावर डोलकाठीसाठी पून जातीच्या झाडाला फार मागणी असे. त्याचं खोड उंच, सरळसोट वाढतं. वजनाला ते सागाच्या जवळपासच आहे, म्हणून हिशेब फारसा बदलत नाही. सालाचा वासा असेल तर मात्र घनफुटाला चोवीस किलोच्या खाली धरू नका.

आता दुसरी गोष्ट, जी मला हिशेबाहूनही महत्त्वाची वाटते. अंबाजोगाईत एका वाड्याचं माळवद उतरवताना एक लांब गोल वासा खाली ठेवला होता. मुकादमाने तीन माणसांना एक टोक उचलायला लावलं. उचललं. ‘तिघांनी अर्धा उचलला, म्हणजे सहा जण पुरे,’ असा निकाल देऊन त्याने उरलेल्यांना दुसऱ्या कामावर पाठवलं. तिघांनी उचललेलं टोक शेंड्याचं होतं. सहा जण खांद्यावर घेऊन चालू लागले तसे बुंध्याकडचे तिघे चार पावलांत वाकले. त्यांनी ओरडून एकदम सोडलं आणि बुंधा मातीत वीतभर रुतला. पाय कुणाचा सापडला नाही, एवढं बरं झालं.

एक टोक उचलून अंदाज करायचा असेल तर दोन्ही टोकं उचलली पाहिजेत, आणि हाताच्या अंदाजाऐवजी काट्यावर. आमच्याकडे गावोगाव कापूस मोजायला जो लटकता काटा वापरतात तो या कामाला उत्तम. तिपाई उभी करा, तिला काटा टांगा आणि काठीचं एक टोक त्यात घ्या. दुसरं टोक लाकडी ठोकळ्यावर राहू द्या. काठी समतल हवी. आकडा लिहा. मग काटा दुसऱ्या टोकाला न्या आणि पहिल्या टोकाखाली ठोकळा द्या, अगदी जिथे दोरी बांधली होती तिथेच. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे काठीचं पूर्ण वजन. ओल, लोखंड, रंग, सगळं त्यात आलं. पूर्ण वजन पेलणारा काटा लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. दीडशे किलोचा काटा इथे चालून जाईल.

याच दोन आकड्यांतून गुरुत्वमध्यही मिळतो. आपल्या कोरड्या काठीत बुंध्याशी सुमारे १२५ आणि शेंड्याशी ९० किलो यायला हवेत. नव्वदला २१५ ने भागा, ३६ ने गुणा : गुरुत्वमध्य बुंध्यापासून पंधरा फुटांवर. लांबीच्या मध्यापासून तीन फूट बुंध्याकडे! म्हणून दहा माणसांत सहा बुंध्याकडच्या अर्ध्या भागात आणि चार शेंड्याकडे हवीत. शाळेत क्रेनने उभी करताना दोरी गुरुत्वमध्याच्या थोडी शेंड्याकडे बांधा, म्हणजे बुंधा आपोआप खाली राहील. आणि वर बघा. ३६ फुटांची काठी उभी करायच्या जागी विजेची तार असेल तर काम तिथेच थांबवून आधी महावितरणला कळवा.

नव्या शिडाच्या बोटींवर ॲल्युमिनियमची पोकळ डोलकाठी असते. तिचा हिशेब कुठल्याही फॅब्रिकेशनच्या कारखान्यात तोंडपाठ असलेल्या सूत्राने होतो : बाहेरचा व्यास वजा पत्र्याची जाडी, गुणिले जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.०२४६. हे झालं लोखंडी पाइपचं मीटरमागे वजन. ॲल्युमिनियमसाठी २.९ ने भागायचं. दीडशे मिलिमीटर व्यास आणि चार मिलिमीटर जाडी असेल तर मीटरला पाच किलो, बारा मीटरला साठ. आकार लंबगोल असेल तर टेपने घेर घ्या, ३.१४ ने भागा आणि तोच व्यास समजा. पण इथे नळी फसवते. आठ मिलिमीटरची स्टीलची तार मीटरला तीनशे ग्रॅम असते. अशा सहा तारा काठीभर लांबीच्या असल्या तर वीस-बावीस किलो तिथेच वाढले, आणि आडव्या दांड्या, कप्प्या वेगळ्या. नौदलाच्या ‘तारिणी’वर २५ मीटर उंचीची डोलकाठी आहे. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी याच बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. अशा काठीचं वजन नुसत्या नळीवरून काढणं म्हणजे तारा, दोऱ्या, कप्प्या सगळं विसरणं.

परळीच्या माणसाला समुद्राचं एवढं का, असं काहींना वाटेल. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्याच चित्रावरून गोव्यात दोरीने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं. पैठणच्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. मराठवाड्याला समुद्र लाभला नाही, पण जहाजं आपल्या भिंतीवर आणि नाण्यावर आहेत. त्या काठ्याही कुणीतरी आधी अंदाज घेऊनच उचलल्या असतील. त्यांनी तो कसा घेतला, हा माझ्या फार आवडीचा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन.

मालवणच्या वाचकांना विनंती : काठी हलवण्याआधी दोन्ही टोकांचे आकडे घ्या आणि मला कळवा. माझा अंदाज २३० ते २५० किलोंचा आहे. आणि बाकीच्यांनी पुढच्या अंकासाठी कोनमापक जवळ ठेवावा, स्लिंगचा हिशेब करायचा आहे.