उमेदवारीची वीस मिनिटे

ऑगस्ट महिना उजाडला, की पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवारात एक निराळाच ऋतू सुरू होतो. एरवी चुरगळलेल्या टी-शर्टात व्याख्यानांना हजेरी लावणारी, आणि पुष्कळदा न लावणारी, अंतिम वर्षाची मुले इस्त्रीचा सदरा, वसतिगृहातील सोबत्याकडून उसना आणलेला आणि खांद्यांवर किंचित ढगळ होणारा कोट, अशा वेषात पायऱ्यांवर ओळीने बसलेली दिसतात. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि ओठांवर स्वतःविषयीची घोकलेली चार इंग्रजी वाक्ये. हा सारा सोहळा ‘कॅम्पस’ या एका शब्दाने ओळखला जातो. “आमच्या मुलाचे कॅम्पसमधून झाले,” असे आई शेजारणीला सांगते, तेव्हा काय झाले हे विचारावे लागत नाही.

या मुलांना कंपन्या ‘कँडिडेट’ म्हणतात. मला आपला ‘उमेदवार’ हाच शब्द अधिक अर्थगर्भ वाटतो. उमेद हा शब्द फारसी, आणि उमेद बाळगून असणारा तो उमेदवार. जुन्या काळी कचेरीत चाकरी हवी असलेला तरुण, पदरात दमडी न पडता, कारकुनांच्या शेजारी बसून नकला करी, दप्तर लावी, निरोप पोहोचवी. आणि असे महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे राबल्यावर एखादी जागा रिकामी झाली तर त्याची नेमणूक होई. त्या पद्धतीत वशिला होता आणि फुकट राबवून घेणे तर उघडच होते. परंतु माणूस पारखावयास अवधी होता. आज तोच निवाडा वीस-पंचवीस मिनिटांत करावयाचा असतो. मुलाखतीच्या खोलीत अडचण केवळ उमेदवाराची नसते, टेबलापलीकडे बसलेल्याचीही असते, आणि समोरचा मुलगा प्रत्यक्ष कामाला बसला म्हणजे कसा वागेल याची एखादी खूण तो अधीरतेने शोधत असतो, ही गोष्ट फारच थोड्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते.

या खोलीपर्यंत पोहोचण्याआधीच्या चाळण्या बहुतेकांना ठाऊक असतात. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्के, अंगावर एकही विषय राहिलेला नको, अशा अटी पुष्कळ कंपन्या घालतात. म्हणून दुसऱ्या वर्षी हसण्यावारी नेलेली एटीकेटी चौथ्या वर्षी डोळ्यांत पाणी आणते. पाठोपाठ काळ-काम-वेगाची गणिते आणि प्रोग्रॅम लिहिण्याची संगणकीय चाचणी. तिला सरावाखेरीज दुसरा इलाज नाही. गटचर्चा मात्र क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी जी मंडळे नेमली, त्यांत विल्फ्रेड बिऑन या मनोविकारतज्ज्ञाने नेता न नेमलेल्या गटाला काम सोपविण्याची युक्ती योजली. स्वतःच्या निवडीची चिंता लागलेली असतानाही गटाच्या कामाची चिंता कोणाला राहते, एवढेच त्याला पाहावयाचे होते. आपल्याकडे लष्करी अधिकारी निवडणारी मंडळे आजही हा प्रयोग करतात. आवाज चढवून सर्वांच्या आधी बोलणारा जिंकतो, ही महाविद्यालयांतून पसरलेली समजूत या मूळ हेतूच्या अगदी उलट आहे.

आता रिझ्युमेविषयी. माझ्या मते, विद्यार्थी सर्वाधिक फसतात ते या एका पानावर. आपल्या सराफी व्यवहारात दर्शनी हुंडी असे. ती दाखविली, की त्याच क्षणी रक्कम मोजून द्यावी लागे. रिझ्युमेची प्रत्येक ओळ ही उमेदवाराने स्वतःच्या सहीने काढलेली दर्शनी हुंडी होय. एखाद्याने सहा संगणकीय भाषा ‘अवगत’ म्हणून लिहिलेल्या असतात, आणि परीक्षकाने शांतपणे कागद पुढे सरकवून लिंक्ड लिस्ट उलटी करण्यास सांगितले, की त्या सहांपैकी एकही मदतीला धावून येत नाही. प्रकल्पाचीही तीच गत. चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा दर वर्षी किती वर्गांतून जन्मते, याची गणती नाही. परीक्षक विचारतो: खोलीत उजेड कमी असेल तर? जुळी भावंडे आली तर? चुका किती झाल्या, आणि त्या मोजल्या कशा? येथवर मुलगा कसाबसा तग धरतो, परंतु “हे चौघांनी मिळून केलेत ना, यात तुमच्या हातचे काय?” या प्रश्नावर ‘आम्ही, आम्ही’ म्हणणाऱ्या जिभेला ‘मी’ उच्चारता येत नाही. ज्याने खरोखर काही केलेले असते, त्याला आपल्या चुका नावानिशी आठवतात. ज्याने नुसते पाहिलेले असते, त्याला केवळ यश आठवते. अनुभवी परीक्षक म्हणूनच चुकांविषयी खोदून विचारतो.

एका महाविद्यालयात सराव मुलाखती घेण्यास मी अधूनमधून जात असे. तासगावकडची, द्राक्षबागायतदाराची एक मुलगी समोर आली. मराठी माध्यमात शिकलेली; स्वतःची ओळख करून देतानाच इंग्रजी वाक्य मध्ये तुटले आणि ती गप्प झाली. मी तिला प्रकल्पाबद्दल विचारले. जमिनीतील ओल मोजून ठिबकचा झडप-नळ उघडणारे यंत्र तिने वडिलांच्या बागेत बसविले होते, आणि तीन आठवड्यांत ओल मोजणारे धातूचे पाते गंजून गेले होते. सतत वीजप्रवाह चालू राहिल्याने ओल्या मातीत धातू झिजतो, हे तिला वाचनातून नव्हे, हातात आलेल्या हिरवट पात्यावरून कळले. मग तिने मोजणीपुरताच प्रवाह सोडण्याची तजवीज केली. हे सांगताना तिची क्रियापदे चुकत होती, पण माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ, जे तोवर मोबाइलकडे पाहत होते, ते पुढे झुकून प्रश्न विचारू लागले होते. इंग्रजीवाचून निभाव लागतो असे मी म्हणणार नाही, ते खोटे आश्वासन ठरेल. तथापि मनातले मराठी वाक्य शब्दाशब्दाने उलथवीत बसण्यापेक्षा, आपले काम आधीच चार-पाच वेळा कोणाला तरी लहान इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगून पाहिलेले असावे. सुचले नाही तर एक क्षण थांबण्याची मुभा मागावी. ती कोणी नाकारीत नाही.

एचआरच्या फेरीत ‘तुमचा दोष कोणता’ या प्रश्नावर ‘मी अतिपरिश्रमी आहे’ हे उत्तर आता इतके शिळे झाले आहे, की ते ऐकून परीक्षकाला जांभई येते. त्यापेक्षा पगाराच्या आकड्याकडे लक्ष द्यावे. ‘सीटीसी’ म्हणजे कंपनीला पडणारा वार्षिक खर्च. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, जो सामान्यतः मूळ वेतनाच्या 12 टक्के असतो, तो येतो, आणि पुष्कळदा मूळ वेतनाच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही येते, जी सामान्यतः पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर हाती पडावयाची असते. सहा लाखांचे बारा भाग करून घरी पन्नास हजार सांगू नयेत. ठराविक मुदत नोकरी न सोडण्याचा करारनामा असल्यास तो सहीपूर्वी वाचावा. सही झाल्यावर सगळेच वाचतात.

नकार आला तर? फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली निवडपद्धतींवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणारी चाचणी त्यात अग्रभागी होती, आणि मनाला येतील ते प्रश्न विचारणारी मोकळी मुलाखत, सर्वांना ठरलेलेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा बरीच मागे पडली होती. म्हणजे ज्या तराजूत मुलगा उणा भरला, त्या तराजूचीच दांडी पुष्कळदा तिरकी असते. ही गोष्ट कंपन्यांनाही कळली आहे. म्हणून कित्येक कंपन्या तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मुलांना इंटर्नशिपला बोलावतात, दोन महिने शेजारी बसवून काम सोपवितात, आणि जो हाताशी आला त्याला मुलाखतींचा हंगाम सुरू होण्याआधीच नोकरीचे पत्र देतात. नाव नवे; पद्धत मात्र जुन्या कचेरीतीलच, आणि तिच्यात पुष्कळ ठिकाणी आता विद्यावेतनही मिळते. अशा मुलांना ऑगस्टमध्ये कोणाचा कोट उसना मागावा लागत नाही.