टीव्ही गेला, मासे आले

टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याच्याखालचं स्टँड बेकार झालं. लाकूड चांगलं म्हणून ते टाकवत नाही आणि जागा अडते म्हणून ठेववत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत त्याचा विषय निघतोच, मग कुणीतरी म्हणतं, “यावर माशांची टाकी छान दिसेल.” दिसेल खरी, पण त्या स्टँडला ती पेलेल का, हे आधी बघायला हवं.

वजनाचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी बाजारात लहान समजली जाते. काठापासून दोन इंच सोडून भरली आणि खड्यांनी अडवलेली जागा वजा केली, तरी तिच्यात ४० लिटरच्या आसपास पाणी राहतं, म्हणजे ४० किलो. तळाशी दोन इंच खडे घातले तर ते १४-१५ किलो. ५ मिलिमीटर जाडीची काच ९ किलो. शिवाय झाकण, फिल्टर, शोभेचे दगड. सगळं मिळून सुमारे ७० किलो, म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ दीड गोण्या. जुना २१ इंची टीव्ही २०-२५ किलोंचा असे. स्टँडवर आता त्याच्या तिप्पट भार येणार आहे.

तिप्पट वजनापेक्षा मोठी अडचण आहे ती वजन कायमचं असण्याची. सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जातं. दमट हवेत ते अधिक वाकतं आणि पार्टिकल बोर्ड तर फारच. पहिल्या महिन्यात सपाट दिसणाऱ्या फळीला वर्षभरात पोट येतं. काचेला ते चालत नाही. पूर्वीच्या टाक्या लोखंडी चौकटीत पुटीने बसवलेल्या असत. १९६०च्या दशकापासून सिलिकॉनने काचेला काच चिकटवायला लागले आणि चौकट गेली. तेव्हापासून टाकीचा तळ सपाट ठेवण्याचं काम खालच्या फर्निचरकडे आलं.

आधी तपासणी

स्टँड रिकामं करून उलटं करा. कोपरे आणि पायांचे तळ टोचणीने टोचून पाहा. टोचणी सहज आत गेली तर वाळवी किंवा कूज आहे. बारीक भोकांतून पीठ पडत असेल तर भुंगा आहे. अशा स्टँडचा नाद सोडावा. मग ते सुलटं उभं करून वरच्या कडेला बाजूने ढकला. स्टँड डुललं तर सांधे सैल आहेत. सांधे उघडून, जुना डिंक खरवडून, नव्या फेविकॉलने शिकंज्यात आवळून चोवीस तास ठेवावेत. नुसते खिळे ठोकून ती डुलणी थांबत नाही.

वजनाला सरळ वाट

मजबुती म्हणजे जाड लाकूड, असा आपला समज असतो. ७० किलो चार पायांवर वाटले तर एका पायावर १७-१८ किलो येतात. दोन इंची चौकोनी सागवानी पायाला ते काहीच नाही. मोडतात ते सांधे, कारण फळी दोन बाजूंच्या मध्ये स्क्रूवर अडकवलेली असते आणि सगळा भार त्या स्क्रूंवर लोंबतो.

म्हणून टाकीच्या दोन्ही टोकांच्या बरोबर खाली, फळीपासून थेट जमिनीपर्यंत उभे टेकू द्यावेत. मधल्या कप्प्यांमुळे टेकू तुटत असेल तर त्याच रेषेत खालच्या कप्प्यातही टेकू हवा. सर्वांत खालची फळी जमिनीपासून उचललेली असते, त्या पोकळीतही ठोकळा विसरू नये. फळीच्या मध्यावर १८ मिलिमीटर प्लायचं एक उभं पार्टिशन दिलं तर आधारांमधलं अंतर निम्मं होतं. तेवढाच भार निम्म्या अंतरावर फळीला एक-अष्टमांशच वाकवतो. फळीची जाडी दुप्पट केली तरी गुण तोच, पण पार्टिशन स्वस्त पडतं.

आता डुलणं. टीव्हीच्या स्टँडची पाठ उघडी तरी असते, नाहीतर पातळ हार्डबोर्डची. ती काढून १२ मिलिमीटर प्लाय डिंक लावून, दर पाच-सहा इंचांवर स्क्रूने बसवा. वायर आणि नळीपुरतं भोक ठेवा. उभे टेकू खाली जाणारं वजन घेतात, पाठ बाजूची डुलणी रोखते. दोन्ही हवेत. चाकं असतील तर काढून टाका आणि वरून स्टँड एल-पट्टीने भिंतीला बांधा.

वरची फळी पार्टिकल बोर्डची असेल तर बदलाच. पाणी लागलं की तो फुगतो आणि स्क्रू सोडतो. मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१०चा शिक्का असतो. कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, कारण प्लायमध्ये पाणी कडेनेच शिरतं.

परीक्षा आणि पातळी

टाकी ठेवण्याआधी स्टँडवर तांदळाच्या २५ किलोच्या चार गोण्या आठवडाभर रचून ठेवा. मग फळीच्या खालून, समोरच्या कडेला, एका आधारापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून बघा. आधारापाशी दोरा आणि फळी यांच्यात काडेपेटीतली काडी शिरली तर आणखी आधार द्या.

टाकी थर्माकोलच्या शीटवर ठेवा. त्याने बारीक उंचवटे सावरतात, पोट आलेली फळी सावरत नाही. टाकी अर्धी भरून चारही कोपऱ्यांत काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. फरक आला तर पाणी काढून पाचर स्टँडच्या पायाखाली सारा, टाकीखाली कधीच नाही.

राहण्याच्या खोलीचा काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून आखलेला असतो, त्यामुळे एवढ्या टाकीची काळजी नको. चाळीत किंवा वाड्याच्या माडीवर, लाकडी तुळयांची जमीन असेल तिथे, स्टँड भिंतीलगत आणि तुळयांना आडवं ठेवा.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत मात्र १६० लिटर पाणी मावतं. तिच्यासाठी लोखंडी स्टँडच करून घ्यावं, जुन्या फर्निचरवर प्रयोग नको. दोन फुटी टाकीला प्लायचे दोन-चार तुकडे आणि सुताराचा एखादा दिवस पुरतो. तेवढं करा, पण गोण्यांची परीक्षा पार पडल्याशिवाय मासे घरी आणू नका.