पीएच.डी.नंतरचे संशोधन : राहुरी विद्यापीठ आणि ग्रामीण विकास

पीएच.डी. ही शिक्षणाची अखेरची पायरी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः संशोधनाच्या क्षेत्रात ती स्वतंत्र कार्याची पूर्वतयारी असते. प्रबंध पूर्ण झाल्यावर नवा प्रश्न स्वतः निवडून, अनुभवी शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्याचा पाठपुरावा करणे, हे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे स्वरूप होय.

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

दीर्घ मुदतीचे कार्य

शेतीतील संशोधन सावकाश फळास येते. कोइमतूर येथे पैदास झालेल्या 'को ८६०३२' या उसाच्या क्रमांकातील पहिले दोन अंक १९८६ हे वर्ष दर्शवितात. विद्यापीठाच्या पाडेगाव येथील संशोधन केंद्रातील चाचण्यांनंतर हा वाण 'नीरा' या नावाने प्रसारित झाला तो १९९६ मध्ये. एका प्रबंधाच्या तीन-चार वर्षांत असे कार्य पुरे होत नाही. पदवी व कायम नेमणूक यांमधील काळात उत्पन्नाअभावी तरुण संशोधक अन्य व्यवसायाकडे वळला, तर त्याच्या शिक्षणावर झालेला सार्वजनिक खर्च वाया जातो आणि हाती घेतलेला प्रश्नही अर्धवट राहतो.

सर्व विज्ञानशाखांना वाव

अकोल्यातील डोंगराळ भागात विपुल पाऊस, तर पाथर्डी, कर्जत, पारनेर हे तालुके अवर्षणप्रवण. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालील जमिनींत अतिपाण्यामुळे क्षारांचा प्रश्न उद्भवतो. यांच्या अभ्यासासाठी कृषिपदवीधरांप्रमाणेच रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र व अभियांत्रिकी या शाखांतील संशोधकांचीही गरज आहे. राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पांतर्गत राहुरी येथे उभारलेल्या हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापन केंद्रात ड्रोन व संवेदकांच्या वापरावर झालेले काम हे याचे उदाहरण होय.

उपलब्ध साहाय्य

२०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती विज्ञान व अभियांत्रिकीच्या शाखांसाठी आहे. तिची मुदत दोन वर्षे असून, मासिक रकमेबरोबर संशोधन खर्चासाठीही अनुदान मिळते. वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला, मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. मार्गदर्शक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असावा लागतो. त्याची संमती घेऊन संशोधनाचा आराखडा अर्जासोबत सादर करावयाचा असतो. जैवतंत्रज्ञान विभाग व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद यांच्या संशोधन सहयोगी योजनाही आहेत.

शिक्षक व पंचायतींचे साहाय्य

बी.एस्‌सी., एम्‌.एस्‌सी.च्या विद्यार्थ्यांना या योजनांची माहिती वेळीच मिळाली, तर वयोमर्यादा उलटण्यापूर्वी त्यांना तयारी करता येईल. हे काम महाविद्यालयीन शिक्षकांचे आहे. पर्जन्यमान, विहिरींची पाणीपातळी व पीकक्षेत्र यांच्या नोंदी ग्रामपंचायतींनी नियमितपणे जतन केल्यास संशोधकांना आधार मिळेल. आज गावात काटेकोरपणे ठेवलेली नोंदवही उद्याच्या संशोधनाचे साधन ठरू शकते.