वादळानंतर घराच्या दुरुस्तीला गुत्तेदार कसा पाहावा



चैत्र-वैशाखात सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या भागांत सायंकाळी वारा सुटला, की घरांवरचे पत्रे शिवारात जाऊन पडतात. दुसऱ्या दिवशी घरोघर एकच घाई: मृगाआधी छप्पर झाले पाहिजे. या घाईतच माणूस फसतो.

पहिले काम पंचनाम्याचे. पडझड हलवण्याआधी फोटो काढा. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना कळवा. 2022 साली ठरलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर 1,20,000 रुपये, पण अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपयेच धरले होते. तेव्हा रुपया मोजूनच खर्चावा लागतो.

आता गुत्तेदार. पंचक्रोशीतला, ज्याचे घर ठाऊक आहे असा बरा. त्याने दोन-तीन वर्षांमागे केलेली कामे पाहा, मालकाला विचारा, "पावसात गळतं का? बोलला तेवढ्यातच केलं का?" दोघा-तिघांचे भाव घ्या. त्याच दिवशी निम्मा इसार मागणाऱ्याला, किंवा "सरकारी पैसे मीच काढून देतो" म्हणणाऱ्याला दुरूनच हात जोडा.

एक प्रश्न जरूर करा: "पत्रे उडू नयेत म्हणून काय करशील?" वारा छपरावरून वेगाने गेला, की वरचा दाब कमी होतो आणि आतली हवा पत्रा उचलते. नुसत्या दगडांनी भागत नाही. उलट तेच दगड माणसांच्या अंगावर येतात. पत्रा हुकाच्या बोल्टाने, वायसर घालून अँगलला आवळावा, वळचणीला बोल्ट जवळजवळ असावेत आणि अँगल भिंतीत पक्के धरलेले असावेत. एवढे सांगेल तो जाणता. भिंतीला तडे असतील तर आधी भिंत, मग छप्पर. 10 जुलै 2024 रोजी आपल्या जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, हे विसरू नका.

बोली कागदावर घ्या: पत्रे किती, लांबी-जाडी काय, माल कोणाचा, मजुरी किती, दिवस किती. उचल पाव हिश्शाहून जास्त नको. पुढचे पैसे काम होईल तसे, सही घेऊन द्या; शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर, गळत नाही हे पाहून.

गुरुजनहो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची ही चिठ्ठी आपण लिहून द्या. मुलांना आपापल्या छपराचे माप घ्यायला लावा. गुत्तेदाराने तीस पत्रे सांगितले आणि जोड धरूनही मुलाच्या हिशेबात चोवीसच आले, तर सहा पत्र्यांचे पैसे घरातच राहिले. गणिताचा याहून चांगला धडा कोणता?