आपल्या हातची होडी

भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला होडी नवी नाही. पण ती स्वतःच्या हाताने बांधावी आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत समुद्रात न्यावी, असे कोणी म्हटले तर आपण हसतो. ते काम सुताराचे, हे काम कोळ्याचे, अशी वाटणी डोक्यात पक्की बसलेली आहे. ती कोणी बसवली हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

ऑफिसातून रजा प्रवास सवलत मिळाली तेव्हा आम्ही कुटुंबासह कन्याकुमारीला गेलो होतो. तेथून पश्चिमेकडे मुट्टम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. दीपस्तंभ पाहायला म्हणून गेलो आणि तो राहिला बाजूला. एका शेडखाली चार-पाच तरुण प्लायवूडची होडी जोडत होते. तेथेच आमचा अर्धा दिवस गेला.

या किनाऱ्याला खाडीचा आसरा फारसा नाही. वाळूवर थेट लाटा फुटतात. म्हणून येथील मुक्कुवर मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या कट्टुमरम वापरीत आले. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधायचे, त्यावर बसायचे आणि लाटेत घुसायचे. हा तराफा बुडत नाही, कारण पाणी फटींतून वर येते आणि तसेच निघून जाते. मात्र माणूस दिवसभर भिजलेला राहतो, आणि परतल्यावर ओंडके सोडून वाळत घालावे लागतात. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द याच गरिबाच्या तराफ्यावरून गेला आणि आज तो श्रीमंतांच्या नौकांना लावतात. दुसरी रीत मोठ्या झाडाचे खोड कोरून होडी करण्याची. पण तशी जाडजूड खोडे मिळेनाशी झाली आणि मिळाली तरी परवडेनाशी झाली.

सत्तरच्या दशकात पिएर जिले हे बेल्जियन अभियंता या भागात आले. त्यांनी स्थानिक मच्छीमारांबरोबर मुट्टमला प्लायवूडच्या होड्यांचे प्रयोग केले. लोकांनी पहिल्या होड्या लगेच उचलल्या नाहीत. ज्याला रोज पहाटे त्यात बसायचे आहे तो कागदावरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. होड्यांत बदल होत गेले, चुका सुधारत गेल्या, तेव्हा कोठे त्या किनाऱ्यावर रुळल्या.

आम्ही पाहिली ती रीत सांगतो. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे आठ बाय चारचे तक्ते घेतात. होडी पंचवीस-तीस फुटांची, म्हणून तक्त्यांच्या कडा तिरप्या तासून एकावर एक चिकटवतात व लांब फळी करतात. नमुन्याप्रमाणे कापून कडेला भोके पाडतात आणि तांब्याच्या तारेने फळ्या शिवतात. सपाट फळ्या तार आवळताच वाकतात, आणि बघता बघता नाळ वर उचलून होडीचा आकार उभा राहतो. आमच्या मिसेस म्हणाल्या, “हे तर ब्लाउज बेतण्यासारखेच!” अगदी तसेच. मग आतून सांध्यांत रेझिनची लांबी भरायची, वर फायबरची पट्टी बसवायची, ती वाळल्यावर तारा कापायच्या आणि बाहेरून पुन्हा फायबरचा थर द्यायचा. सांधा भरताना घाई केली, लाकूड ओले राहिले, तर पाणी आत शिरते आणि प्लायवूडचे पदर सुटू लागतात. सगळी मेख त्या सांध्यात आहे.

अशीच शिवून चिकटवण्याची रीत इंग्लंडमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला घरोघर पोहोचली. ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात खपणाऱ्या वृत्तपत्राने वाचकांसाठी घरी जोडायची लहान शिडाची होडी काढली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. लाल शिडांच्या या होड्या पुढे सत्तर हजारांवर बांधल्या गेल्या. त्या हौसेच्या होत्या, मासेमारीच्या नव्हत्या. पण एखादे वृत्तपत्र वाचकांच्या हाताला असेही काम देऊ शकते, याची मला मौज वाटली.

मी बी.कॉम. झालेला कारकून. होडी पाहिली की मला पहिला प्रश्न पडतो, पैसे कोणाचे? समुद्राला खोत नाही, पण होडीला असतो. दलाल होडी-जाळ्यासाठी उचल देतो आणि मग मासळी त्याच्याच हातून, त्याच्याच भावाने जाते. कर्ज फिटू नये यातच त्याचा फायदा. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची अवस्था याहून वेगळी नव्हती. दक्षिणेतल्या मच्छीमारांनी गावोगाव स्वतःच्या सोसायट्या काढल्या, आणि १९८० मध्ये त्यांचा संघ उभा राहिला. मासळीचा लिलाव सोसायटी करते, आणि विक्रीतून ठरावीक टक्का कर्जफेडीला व बचतीला वळता होतो. ज्या दिवशी मासळी जास्त त्या दिवशी हप्ता मोठा, ज्या दिवशी जाळे रिकामे त्या दिवशी हप्ता नाही. महिन्याच्या ठरावीक तारखेला हप्ता मागणाऱ्या पतपेढीपेक्षा हा हिशेब हातावर पोट असणाऱ्याला किती सोयीचा, हे आपल्या बचत गटांनी पाहण्यासारखे आहे.

आता धोक्याचे. प्लायवूड तरंगते, पण होडीत पाणी भरले की इंजिनाचे वजन तिला खाली ओढते. म्हणून बसण्याच्या फळ्यांखाली फोमचे ठोकळे बंद करून ठेवायचे असतात. जागा वाचवायला ते काढणारा माणूस आपल्याच जिवाची जागा कमी करतो. इंधनाचा नियम सोपा आहे, एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेले अडचणीसाठी राखीव. घरून निघताना कोणत्या दिशेला जातो आणि केव्हा परतणार हे बायकोला सांगून जावे. शोध घेणाऱ्याला दुसरा धागा नसतो.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी वादळाने या किनाऱ्याला गाठले, तेव्हा कितीतरी माणसे आधीच समुद्रात होती. इशारा त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. शेकडो घरांतील कर्ता माणूस परत आला नाही. दूरवर गेलेल्या मोठ्या बोटींपैकी ६८ बोटी सुमारे साडेनऊशे माणसांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि ती माणसे वाचली. लहान होडीवाल्याला एवढे लांब पळताही येत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात महापूर आला. मच्छीमारांनी आपल्या फायबरच्या आणि प्लायवूडच्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता समुद्रापासून दूर बुडालेल्या गावांत नेल्या. हजारो लोकांना त्यांनी बाहेर काढले. त्या वेळी एका मच्छीमाराने सांगितलेली हकीकत वृत्तपत्रांत आली होती. होडी ख्रिस्ती मच्छीमारांची आहे असे कळल्यावर एका ब्राह्मण कुटुंबाने तीत चढायला नकार दिला. काही तासांनी त्याच लोकांनी पुन्हा हाका मारल्या, आणि तेव्हाही आम्हाला शिवू नका अशी अट घातली. मच्छीमारांनी त्यांना होडीत घेतले.

त्या पुरात पाण्याखालच्या कुंपणाच्या भिंती आणि फाटकांवर आपटून अनेक होड्यांचे तळ फाटले. सरकारने दर होडीला दिवसाला तीन हजार रुपये आणि दुरुस्तीचा खर्च जाहीर केला. माणसे वाचवायचे पैसे नकोत, असे काही तरुणांनी सांगितले. फाटलेल्या होड्या पुन्हा ट्रकवर चढवून किनाऱ्यावर आणाव्या लागल्या. फाटलेला भाग कापून काढायचा, नवा तुकडा बसवायचा, लांबी भरायची, फायबर लावायचे. ज्याने होडी जोडली आहे त्याला हे काम कोणी शिकवावे लागत नाही.