ग्लुटेन, ग्लुकोज आणि शस्त्रक्रिया

रुग्णालयातील एखाद्या खाटेजवळचा फलक डोळ्यांसमोर आणा. त्यावर 'ग्लुटेन देऊ नये' असे लिहिले आहे. घाईत वाचणाऱ्याला ते 'ग्लुकोज देऊ नये' असे वाटते. मग शिरेतून जाणारे सलाईन थांबते आणि थोड्या वेळाने चहाबरोबर दोन बिस्किटे मात्र दिली जातात. जे निर्धोक ते बंद झाले, जे अपायकारक ते पोटात गेले! सीलियाक विकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत असा घोटाळा सहज होऊ शकतो. तो टाळायचा तर या दोन शब्दांमागचे विज्ञान समजून घ्यायला हवे.

ग्लुकोज ही साखर आहे. ग्लुटेन हे गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतील प्रथिन आहे. सलाईनमधील ग्लुकोज पिष्टापासून तयार केलेले व शुद्ध केलेले असते; त्यात प्रथिन नसते. त्यामुळे ते सीलियाक रुग्णाला चालते.

ग्लुटेनमध्ये प्रोलिन व ग्लुटामिन ही अमिनो आम्ले फार असतात. आपले पाचकरस अशा साखळ्यांचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. बहुतेकांना त्याने काही बिघडत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही व्यक्तींमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा या अर्धवट तुकड्यांना शत्रू समजते आणि लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर जखमी करते. या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट झाले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. गहू हे यामागचे कारण असल्याचे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिले. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. या निरीक्षणाने त्यांच्या आधीच्या अंदाजाला बळ मिळाले.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या विकाराचे प्रमाण उत्तरेत सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत ०.१ टक्का आढळले. आनुवंशिक ठेवण दोन्हीकडे साधारण सारखीच होती. मोठा फरक होता तो गव्हाच्या खाण्यात. एके काळी ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या वर्धा जिल्ह्यातही आज रोजच्या ताटात पोळी आली आहे. त्यामुळे हा 'उत्तरेकडचा आजार' म्हणून सोडून देता येणार नाही.

आता समजा, एखाद्या सीलियाक विद्यार्थिनीची शस्त्रक्रिया ठरली आहे. भूल देणे किंवा टाके घालणे यांत ग्लुटेनचा काही संबंध येत नाही. प्रश्न असतो तो शरीराच्या तयारीचा. आतड्याने पोषकद्रव्ये नीट शोषली नसतील तर लोह, फोलिक आम्ल व बी-१२ यांच्या अभावी रक्तक्षय असू शकतो. के जीवनसत्त्व कमी पडले तर रक्त गोठण्यास वेळ लागतो. प्रथिने कमी असतील तर जखम भरण्यास उशीर होतो. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांच्या अभावी हाडे ठिसूळ होतात. काही रुग्णांमध्ये प्लीहेचे कार्यही मंदावलेले असते. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि काही लशी घेण्याचा सल्ला दिला जातो. म्हणून पहिल्याच भेटीत शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ या दोघांनाही आजाराविषयी सांगावे. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर काही आठवडे थांबून ही कमतरता भरून काढता येते. अपेंडिक्ससारख्या तातडीच्या प्रसंगी मात्र थांबणे नको.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आजाराची केवळ शंका असेल तर तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. गहू थांबला की रक्तातील प्रतिपिंडे घटतात, आतडे सुधारू लागते आणि निदान हुकते.

पुढचा प्रश्न वॉर्डातील ताटाचा. एका पोळीत सुमारे ३५ ग्रॅम कणीक असते. तिच्यात साधारण ११ टक्के प्रथिने आणि त्यांतील चार-पंचमांश ग्लुटेन धरले तर हे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम होते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे पोळीचा साठावा भाग! म्हणूनच 'थोडेसे खाल्ले तर काय होते?' हा आग्रह चुकीचा ठरतो. एका घासाने जीव जात नाही हे खरे. पण शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या उलट्या-जुलाबांचे कारण टाके आहेत, औषध आहे की बिस्किट, हे डॉक्टरांना कळेनासे होते.

रव्याचा उपमा व शिरा, दलिया, शेवया, पाव आणि माल्ट घातलेली पेयपूड हे सारे वर्ज्य. खपली किंवा बन्सी हेही गहूच. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, त्यामुळे साधे वरणही विचारूनच घ्यावे. भेटायला येणारे पाहुणे प्रेमाने वर्ध्याचा गोरसपाक आणतात; तोही गव्हाचाच. याउलट भाताची पेज, हिंगाविना मूगडाळीचे वरण, भगर, साबुदाणा, दूध, ताक, अंडी आणि फळे चालतात. अर्थात डॉक्टरांनी तोंडावाटे खाण्यास परवानगी दिल्यावरच. ज्वारीची भाकरी उत्तम. परंतु गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचे पीठ ज्वारीत मिसळते. घरचे वेगळे जाते किंवा घरघंटी वापरावी. विकतच्या पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापण्यासाठी भारतात दर किलोस २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. गोळ्यांमध्ये भर म्हणून वापरलेले पिष्ट बहुधा मक्याचे असते, तरी औषधविक्रेत्याला विचारावे. स्वतःहून औषध थांबवू नये.

सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या सोबत असणाऱ्या आई-मावशीच्या हातात एक कागद असावा: 'गहू, रवा, मैदा, जव, बिस्किट, पाव नको. ग्लुकोजचे सलाईन चालते.' असा कागद शिक्षकांनी मुलांकडून स्वच्छ अक्षरांत लिहून घ्यावा. 'ग्लुटेन' हा शब्द एकटा लिहू नये. पदार्थांची नावे लिहिली म्हणजे घोटाळ्याला जागा उरत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मूठभर कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात तो गोळा हळूहळू चोळत धुवा. पांढरे पिष्ट पाण्यात उतरते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, हेच ग्लुटेन. ज्वारीच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर तो विरघळल्यासारखा विखरून जातो, हाती काही उरत नाही. भाकरी लाटता का येत नाही, थापावी का लागते, याचे उत्तर मुलांना तेथेच मिळेल. आणि एखादी मैत्रीण डब्यात रोज भाकरीच का आणते, हेही त्यांना न सांगता कळेल.